परतीचा दोर

१

भिंतीवरचा नकाशा रिकामा झाला तेव्हा धाकटा बोलत होता. त्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

तो खोलीत नव्हता. दूरच्या एका शीतगोदामात कामाला गेला होता आणि तिथून पडद्यावर आमच्याशी बोलत होता. बैठकीच्या खोलीत दोन पडदे आहेत. एकावर धाकट्याचा चेहरा होता, दुसऱ्यावर नकाशा. नकाशावर हिरवे ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे औषधांची एक शीतपेटी, कुठे जहाजावर, कुठे ट्रकमध्ये, कुठे गोदामात. पेटीतलं तापमान आमच्या कार्यालयात दिसतं आणि ते वाढायला लागलं की ज्याची पेटी त्याला फोन जातो. आमचा धंदा एवढाच. पण त्या दिवशी समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीची माणसं हा एवढासा धंदा बघायला समोर बसली होती, आणि करारावर सह्या व्हायच्या होत्या.

कंपनी माझ्या दोन भाच्यांची. थोरला व्यवहार बघतो, धाकटा तांत्रिक बाजू. मी त्यांच्या आईचा भाऊ. यंत्रांबरोबर द्यायच्या माहितीपुस्तिका लिहितो, म्हणून कोपऱ्यात एक टेबल मिळालं आहे. सगळं कार्यालय मला मामाच म्हणतं. त्या दिवशी पुस्तिका वाटून झाल्यावर मी भिंतीला टेकून उभा होतो.

"...आणि म्हणून माझं मत असं आहे की," धाकटा म्हणाला, "एक मिनिट हं," आणि त्याने मान खाली घातली. तशीच मान खाली असताना त्याचं चित्र थिजलं. शेजारच्या पडद्यावरचे ठिपके करडे झाले आणि मग नकाशाच गेला.

थोरला हसत हसत उठला आणि दाराबाहेर पडल्यावर पळत सुटला. पाहुण्यांनी पुस्तिका चाळल्या. समोरचा चहा निवला. मग पडदे पुन्हा उजळले, ठिपके हिरवे झाले आणि धाकट्याचाही चेहरा आला. "माफ करा, माझं वाक्य राहिलं होतं," तो म्हणाला. पण पाहुण्यांच्या प्रमुखाने तोवर पेनाला टोपण लावलं होतं.

"आपण उद्या बोलू," ते म्हणाले. अगदी सभ्यपणे.

सगळे गेल्यावर थोरल्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"मामा, हे तू बघ."

"मी? मला त्यातलं काय कळतं रे?"

"पुस्तिका कोण लिहितं?"

"वायरताई सांगते, मी ते शुद्ध करतो."

"म्हणजे थोडंफार कळतं. आणि तू कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्यामुळे तुझ्याशी लोक बोलतील. माझ्याशी बोलताना सगळे मान डोलावतात." त्याने टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. "कोणीतरी राउटरमध्ये शिरून बाहेरची लाइन तोडली. मग राउटर बंद होऊन चालू झाला आणि कोण शिरलं होतं त्याची त्याच्या पोटातली नोंद पुसली गेली. असं स्वच्छ काम कोणाला जमतं? एकीलाच. पाहुणे उद्या दुपारच्या विमानाने जाणार. त्याआधी मला त्यांना सांगावं लागेल की कोण होतं आणि त्या माणसाला आम्ही काढलं."

कागदावर वायरताईचा राजीनामा टाइप केलेला होता. फक्त सही राहिली होती.

"आणि समजा ती नसली?" मी विचारलं.

"तर उद्या दुपारच्या आत मला दुसरं नाव दे."

२

वायरताई म्हणजे आमच्या नेटवर्कची व्यवस्थापक. खांद्यावर कायम वायरचं एक वेटोळं अडकवलेलं, म्हणून हे नाव. यंत्रांच्या खोलीत थंडी असते, तिथे ती स्वेटर घालून बसते. मी गेलो तेव्हा ती राउटरवरची धूळ पुसत होती. राउटर म्हणजे आमच्या कार्यालयाचं दार. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जायचं ते त्यातूनच.

"या मामा. राजीनामा आणलात का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"प्रिंटर माझ्याच नेटवर्कवर आहे." ती हसली, पण डोळे लाल होते. "नेटवर्क चालू असलं की विचारतात, तुला पगार कशाचा देतो. बंद पडलं तरी तेच विचारतात. सवय झालीय."

"तू कुठे होतीस?"

"इथेच, या खुर्चीवर. बाहेरच्या लाइनचा दिवा गेला. बाकीचे दिवे ठीक होते. मी केबल लावून बघायला उठले, तोवर मोठे सर दारात आले आणि ओरडायला लागले. त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. करते काय? तेवढ्यात माझ्या पाठीमागे राउटर बसला आणि पुन्हा उठला. उठल्यावर सगळं जागच्या जागी."

"आपोआप?"

"आपोआप काही होत नसतं मामा. कोणीतरी दोर बांधून गेलं होतं."

तिने मला समजावून सांगितलं आणि मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. दूर बसून राउटरमध्ये फेरफार करताना एक धोका असतो. चूक झाली तर ज्या लाइनवरून तुम्ही आत आलात तीच तुटते, आणि मग चूक दुरुस्त करायलाही आत येता येत नाही. म्हणून आधी यंत्राला सांगून ठेवायचं की थोड्या वेळाने स्वतःहून बंद होऊन चालू हो. चालू झालं की ते जुनी, साठवलेली मांडणी उचलतं आणि नवा फेरफार विसरतं. सगळं सुरळीत झालं तर वेळ संपण्याआधी हुकूम मागे घ्यायचा. आमच्या कार्यालयात याला परतीचा दोर म्हणतात. कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हापासून हा शब्द आहे.

"मग तो कोणी बांधला?"

ती फडकं घडी करत राहिली. "नोंद राहिली असती तर यंत्रानेच सांगितलं असतं. नोंदी बाहेर साठवायला एक वेगळा संगणक द्या म्हणून मी मागच्या वर्षी मागणी केली होती. मोठे सर म्हणाले, चाललंय ना सगळं?"

"मी नोंदीचं नाही विचारत. तुला काय वाटतं?"

"मला वाटण्यावर कोणाची नोकरी जायला नको," ती म्हणाली. "माझी सोडून."

तिला काहीतरी माहीत होतं. ते ती सांगणार नव्हती, हे तिने घडी केलेलं फडकं पुन्हा उलगडलं त्यावरून मला कळलं.

"इथून असं बोट दाखवून बाहेर काढलं, तर दुसरीकडे काम मिळेल तुला?"

"या कामात माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या देतात मामा. एकदा चोर म्हटलं की किल्ल्या कोण देईल?"

३

मुख्य पासवर्ड चौघांकडे होता. वायरताई, दोघे भाऊ, आणि समुद्रापलीकडच्या कंपनीचा एक इंजिनियर, जो चाचणीसाठी काही आठवडे आमच्याकडे येऊन राहिला होता. म्हणजे कागदोपत्री चौघांकडे. थोरल्याने आपला पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवला होता, त्यामुळे त्याच्या केबिनमध्ये ज्याने कधी चहा घेतला असेल त्या प्रत्येकाकडे तो होता.

अशांपैकी एक म्हणजे विक्रीप्रमुख. सतत प्रवासात, म्हणून विमानराव. नकाशा जाण्याच्या थोडं आधी तो खोलीबाहेर पडला होता. मी स्वतः त्याला वाट करून दिली होती.

"बाथरूमला गेलो होतो," तो म्हणाला.

"जिन्याकडे गेलास. बाथरूम उजवीकडे आहे."

विमानरावने टाय सैल केला. "मामा, हे तुमच्या-माझ्यात राहील का?"

"ते काय आहे त्यावर आहे."

"दुसऱ्या एका कंपनीचा फोन होता. मला बोलावताहेत. आता पाहुण्यांबरोबर करार झाला की विक्रीचं सगळं ते स्वतः बघणार, माझं काय राहणार इथे? त्यांची माणसं, त्यांची गिऱ्हाइकं, त्यांची विमानं." तो कडवट हसला. "तुम्ही म्हणाल, मग यानेच बंद पाडलं. पण खरं सांगतो, मला राउटर दाखवला तर मी त्यात पाव भाजायला ठेवीन."

हे मात्र मला पटलं. गेल्याच महिन्यात त्याने वायरताईला बोलावून घेतलं होतं, कारण त्याचा संगणक चालू होत नव्हता. बटण भिंतीवर होतं.

बाहेर स्वागतकक्षात फोनकाकू बसतात. कंपनीतले सगळे फोन त्यांच्यासमोरून जातात. त्या आज रागात होत्या.

"पोरीला काढणार म्हणे?"

"अजून काढलं नाही. नकाशा गेला तेव्हा तुमचे फोन चालू होते का हो?"

"आतले चालू होते, बाहेरचे गेले. मी हिशेबवाल्याला फोनवर सांगतच होते की नेट गेलं रे, ओरडू नकोस. सांगता सांगता माझाही फोन मेला. सगळेच मेले. आणि मग थोड्या वेळाने कार्यालयातले सगळे फोन एकदम किणकिणले. जिवंत झाले की किणकिणतात ते. दचकून चहा सांडला माझा, हे बघा." त्यांच्या टेबलावर खरोखरच तपकिरी डाग होता.

"सगळे एकदम?"

"सगळे. असं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. जुना राउटर होता तेव्हा ताई काही दुरुस्त्या करायची आणि अधूनमधून असा गजर व्हायचा. नवा आल्यापासून नाही."

मी परत टेबलाशी आलो आणि माझीच पुस्तिका उघडली. पुस्तिकेत परतीचा दोर नावाचं एक छोटं प्रकरण आहे. ते मी पुन्हा वाचलं. फोन किणकिणण्याचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता.

४

पाहुणा इंजिनियर खालच्या चहाच्या टपरीवर भेटला. आम्ही दोघांनाही परकी असलेल्या भाषेत बोललो. त्यामुळे वाक्यं छोटी होती आणि खोटं बोलायला फारशी जागा नव्हती.

"तुम्हाला माझा संशय आहे," तो म्हणाला. "साहजिक आहे. सौदा अडला तर आमची कंपनी भाव पाडू शकते."

"तुम्ही पाडला असता का?"

"आमचे साहेब तसे नाहीत. नकाशा गेल्याची त्यांना भीती वाटली नाही. आमच्याकडेही जातो. तो का गेला हे इथे कोणालाच सांगता आलं नाही, त्याची भीती वाटली." त्याने कप फिरवला. "आणि माझा संगणक बंद होता. माझ्या साहेबांच्या शेजारी बसलो होतो."

"करार चांगला आहे का?" हा प्रश्न मी का विचारला, कोण जाणे.

तो विचार करून बोलला. "तुमच्या पेट्या आमच्या बंदरांत येतात. आमची यंत्रं तुमच्याकडे येतात, आणि ती यंत्रं खरं तर तिसऱ्याच देशात बनतात. कोणीच एकटा नाही. पण पहिल्या मसुद्यात आम्ही सगळी माहिती आमच्या देशातल्या यंत्रांवर मागितली. सगळे पहिल्यांदा सगळंच मागतात. माहिती इथेच ठेवायची असा दुसरा मसुदाही आमच्याकडे तयार होता. तुमच्याकडून कोणी विचारलंच नाही."

"कोणीच?"

"पहिल्या बैठकीत तुमचे धाकटे साहेब काहीतरी म्हणायला लागले होते. थोरल्यांनी त्यांना थांबवलं."

मी उठता उठता राउटरचं विचारलं. नवा राउटर त्याच्याच कंपनीने पुरवला होता आणि तो चालवायला वायरताईला यानेच शिकवलं होतं.

"यात परतीचा दोर कसा बांधतात?"

त्याला शब्द समजला नाही. मी समजावून सांगितलं. तो हसला.

"या यंत्राला बंद व्हावं लागत नाही. तुम्ही बदल करता आणि सांगता की मी पक्का करेपर्यंत हा कच्चा समज. पक्का केला नाही तर ते गुपचूप जुन्या मांडणीवर जातं. बाकी कोणाला कळतही नाही. बंद-चालू करण्याची जुनी पद्धत यात अजून आहे, पण ती आता कोण वापरतं?"

माझ्या पुस्तिकेत हेच लिहिलेलं होतं, गुपचूप परत जाणारी नवी रीत. जुनी रीत वायरताईने मला नव्या आवृत्तीतून काढायला लावली होती.

आणि फोन तर किणकिणले होते.

५

धाकटा सकाळी परतला. कपड्यांना गोदामातला गारठा आणि पुठ्ठ्याचा वास होता. मी त्याला जिन्यातच गाठलं.

"मामा, तू गुप्तहेर झालास म्हणे. टोपी कुठाय?"

"टोपी शोधतोय. काल तुझंही तोंड गेलं ना पडद्यावरून?"

"गेलं ना. मी त्याच लाइनवर होतो. तुटणार नाही तर काय? सगळ्यात आधी मीच तुटलो."

"मग काय केलंस?"

"काय करणार? बसलो. परत लाइन आली तसा जोडला गेलो."

"दादाला मोबाइलवर फोन नाही केलास?"

तो दोन पायऱ्या चढला. "धांदल असेल म्हटलं. उगाच कशाला."

काल विमानरावने जिन्यातून थोरल्याला मोबाइलवर फोन केले होते, फोनकाकूंनी मला विचारलं होतं, हिशेबवाल्याने सगळ्यांना. करार ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो एकटा गप्प बसला होता. चुकीचं बोलून बसलो तर? आयुष्यभर मी या विचारानेच कित्येक वाक्यं गिळली आहेत. आणि समोर उभा होता त्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

"दादाला कोणाचा संशय आहे?" त्याने विचारलं.

"वायरताईचा. आज दुपारच्या आत तिच्याकडून राजीनामा घेणार आहे. पाहुण्यांना तिचं नाव सांगणार."

त्याचा हात कठड्यावर होता, तो तिथेच राहिला.

"तिचा काय संबंध? यंत्र आहे. कधीतरी बसतं, उठतं."

"तिला कोणी शिकवलं रे हे काम?"

"मी," तो म्हणाला. "दोन खोल्या होत्या तेव्हा. तुला माहितीये की."

"नव्या राउटरवर तू कधी काम केलंस?"

"मला वेळ कुठे असतो आता? ताई बघते सगळं." आणि मग, कठड्यावरचा हात काढून, "का विचारतोस?"

वरून थोरल्याची हाक आली. पाहुणे गाडीत बसून हॉटेलातून निघाले होते.

६

केबिनमध्ये थोरला, वायरताई, विमानराव आणि पाहुणा इंजिनियर बसले होते. धाकटा दाराशी उभा राहिला. राजीनाम्याचा कागद टेबलावर, त्यावर पेन. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी हात खिशात घातले.

"मी चुकत असेन," मी म्हणालो, "तर मध्येच थांबवा."

"बोल," थोरला म्हणाला.

"काल दोन गोष्टी झाल्या. आधी बाहेरची लाइन तुटली. तेव्हा राउटर चालू होता, कारण काकूंचे आतले फोन चालू होते. मग काही वेळाने राउटर बंद होऊन चालू झाला. तो चालू झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"यंत्रांच्या खोलीत. हिच्यावर ओरडत होतो."

"ती काय करत होती?"

"काय करणार? हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती."

"म्हणजे त्या वेळी तिने राउटरला हात लावला नाही. साक्षीदार तूच आहेस. राउटर स्वतःहून बसला, कारण तसं कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं. परतीचा दोर."

"तोही हिलाच बांधता येतो."

"बांधता येतो. पण तो बांधायचा कशासाठी? लाइन तुटल्यावर आपल्यालाच परत आत येता येणार नाही म्हणून. ताई राउटरच्या शेजारी बसली होती. तिला लाइन तोडून पुन्हा जोडायची असती तर हात लांब केला की झालं. इमारतीतल्या कोणालाच दोराची गरज नव्हती. ज्याने बांधला तो तुटलेल्या लाइनच्या पलीकडे होता."

विमानरावने सुटकेचा श्वास सोडला. थोरल्याने मान वर केली नाही.

"दुसरं. दोर बांधणाऱ्याला नुकसान करायचं नव्हतं. थोडा वेळ अंधार हवा होता, मग सगळं जिथल्या तिथे. शत्रू असं करत नाही. तिसरं म्हणजे फोन. सगळे फोन किणकिणले, म्हणजे राउटर खरोखर बंद-चालू झाला. नव्या राउटरला त्याची गरजच नाही, तो गुपचूप परत जातो. ताईला हे माहीत आहे, या पाहुण्यांना माहीत आहे. माझी पुस्तिका वाचणाऱ्यालाही माहीत असतं, कारण जुनी रीत आता तिच्यात नाही. ज्याने हे केलं त्याच्या बोटांत जुनी रीत होती. तो जुन्या यंत्रावर शिकलेला माणूस आहे, नव्यावर त्याने कधी काम केलेलं नाही. पासवर्ड मात्र त्याच्याकडे आहे. आणि लाइन तुटल्यावर त्याने कोणालाही फोन केला नाही, कारण ती परत येणार हे त्याला माहीत होतं."

मी थांबलो. पुढचं वाक्य माझ्याच्याने होईना.

"बस कर मामा," धाकटा दारातून म्हणाला. "चुकला नाहीस."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "तू तर स्वतःच तुटलास पडद्यावरून."

"तुटणारच होतो. मान खाली घालून शेवटची कळ मी तुमच्यासमोरच दाबली." तो आत आला नाही. "दादा, आपल्या गिऱ्हाइकांची सगळी माहिती तू त्यांच्या यंत्रांवर ठेवणार होतास. ती एक लाइन गेली की आपण आंधळे. हे मी तुला किती वेळा सांगितलं? प्रत्येक वेळी म्हणालास, सह्या होऊ देत, मग बघू. म्हटलं एकदा डोळ्यांनी बघू दे. थोडा वेळ. कोणाची पेटी गरम होणार नव्हती, पेट्यांना स्वतःची नोंद असते. लाइन आली की सगळी भरून येते. मी सगळ्याचा विचार केला होता."

"सगळ्याचा नाही," मी म्हणालो. एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं. "यंत्राला दोर बांधलास. ताईला कुठे बांधला होतास?"

धाकटा वायरताईकडे वळला.

"तुला माहीत होतं?" त्याने वायरताईला विचारलं.

"फोन किणकिणले तेव्हाच," ती म्हणाली. "असा गजर करणारे इथे आपण दोघंच होतो. आणि माझ्या हातांची तर घडी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"पुरावा नव्हता. आणि वाटलं, तुम्ही स्वतः बोलाल. रात्रभर वाट बघितली, सर. फोन वाजला नाही."

७

थोरल्याने राजीनाम्याचा कागद उचलला आणि फाडण्याऐवजी नीट घडी करून कचऱ्याच्या टोपलीत ठेवला. त्याला काहीही करताना घडी घालायची सवय आहे.

"पाहुण्यांना काय सांगू?" त्याने विचारलं, पण कोणाला ते कळलं नाही.

मी पाहुण्या इंजिनियरकडे पाहिलं. इतका वेळ आमचं बोलणं त्याला शब्दशः समजलं नसेल, पण दारातला माणूस आणि टोपलीतला कागद त्याला समजला होता. मी त्याला परक्या भाषेत दोन वाक्यांत सांगितलं.

"खरं सांगा," तो म्हणाला. "का गेलं हे सांगता आलं की आमचे साहेब ऐकून घेतात. आणि दुसरा मसुदा मागा."

"कसला दुसरा मसुदा?" थोरला आणि धाकटा दोघंही एकदम म्हणाले.

कित्येक महिन्यांत दोघांच्या तोंडून एकच वाक्य आलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मसुद्याचं सांगितलं. ऐकता ऐकता धाकटा हळूहळू दाराच्या चौकटीला टेकला. विचारलं असतं तर मिळणारी गोष्ट त्याने अंधार करून मागितली होती, आणि थोरल्याने त्याला विचारू दिलं नव्हतं. दोघांपैकी कोणाची चूक मोठी हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आताही येत नाही.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. थोरला उठला, दाराशी क्षणभर थांबला आणि धाकट्याला म्हणाला, "चल. आपण दोघं सांगू." धाकट्याला आधी खरं वाटेना. मग तो मागोमाग गेला.

सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. पाहुण्यांनी विमान एक दिवस पुढे ढकललं, आणि बैठकीच्या खोलीत धाकट्याचं ते अर्धवट राहिलेलं मत सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. करार दुसऱ्या मसुद्यावर झाला. विमानराव दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना त्याने फोनकाकूंना विचारलं म्हणे की संगणक बंद कुठून करतात.

वायरताईने कोणाला माफी मागायला लावली नाही. तिने मागितलं ते एवढंच: नोंदी साठवायचा वेगळा संगणक, बाहेर जाणारी दुसरी लाइन, आणि थोरल्याच्या केबिनमधली पिवळी चिठ्ठी. ती चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने काढली. धाकट्याचा पासवर्ड तिने त्याच दुपारी त्याच्यासमोर बंद केला. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता, शिकवायचा तेव्हा उभा राहायचा तसाच.

"परत कधी देशील?" त्याने विचारलं.

"नवी रीत शिकलात की."

"कोण शिकवणार?"

तिने शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. तो स्वेटर आणायला गेला.